बोटीचं वय आणि बोटीची निगा

आमच्या मालवणात 'बोट लागली' याचे दोन अर्थ. बोट बंदरात आली, हा एक. आणि समुद्रावर पोटात ढवळलं, हा दुसरा. आज ज्या बोटीबद्दल मी बोलणार आहे, तिनं माझं पोट ढवळलं नाही. मन मात्र खट्टू केलं.

गेल्या हिवाळ्यात मुलांनी हौसेनं आम्हां दोघांना मुंबईहून निघणाऱ्या एका क्रूझ जहाजाची तिकिटं काढून दिली. माहितीपत्रकात झुंबरं होती, निळाशार तलाव होता. प्रत्यक्षात खोलीतला गालिचा दमट होता आणि त्याची उसवलेली कड चिकटपट्टीनं दाबून बसवली होती. न्हाणीघराचं दार खालून पाणी पिऊन फुगलं होतं. नळाला आधी तांबूस पाणी आलं. डेकच्या कठड्यावर रंगाचे थरांवर थर. नख लावलं की पापुद्रा निघे आणि आत गंज दिसे. नाळेवर पांढऱ्या रंगाखालून जहाजाच्या जुन्या नावाची अक्षरं वर उठून दिसत होती. ते नाव माहितीपत्रकात कुठेच नव्हतं.

रात्री आम्ही कठड्याशी उभे होतो. पूर्वेला लांबवर दीपगृहाचा दिवा उघडझाप करत होता. आपलाच किनारा, पण मनासारखा आनंद होईना.

ऐषआरामाची मला सवय नाही. 'रोहिदास', 'चंद्रावती', 'कोकणसेवक' या बोटींच्या डेकवर वळकटी पसरली की तेवढी जागा आपली, एवढंच आम्हा चाकरमान्यांचं सुख. मालवणला बोट बाहेर नांगर टाकी आणि उतारू होडीतून किनाऱ्याला येत. गालिचा कुणी मागितला नाही. पण बोट धड आहे ना, हे प्रत्येकजण पाही. 17 जुलै 1947 रोजी 'रामदास' बोट रेवसजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती खवळलेल्या समुद्रात गेली, गंजानं नव्हे. तरी तेव्हापासून कोकणी माणूस बोटीत पाय ठेवताना तिच्याकडे निरखून पाहतो. म्हणून त्या कठड्यावरचा गंज मला नुसता कुरूप वाटला नाही.

खारी हवा लोखंड सोडत नाही. गंज मुळापर्यंत खरवडून, अस्तर देऊन मगच रंग लावावा लागतो. गंजावरच रंग चढवला, तर आतलं कुजणं फक्त झाकलं जातं. हे आमच्या मच्छीमारांना कुणी शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात ते होड्या वर ओढतात, झावळ्यांनी शाकारतात, फटी भरतात, तळ रंगवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावर पुन्हा पाण्यात लोटतात. अशी राखलेली होडी म्हातारी झाली तरी कुणाला तिची भीती वाटत नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण घ्या. 1985 साली नौदलात आलेली 'गुलदार' ही नौका 12 जानेवारी 2024 रोजी निवृत्त झाली. निवतीच्या खडकांजवळ तिला समुद्रतळाशी नेऊन पाण्याखालचं संग्रहालय करण्याची योजना आखली गेली. तिचं वय कुणी लपवलेलं नाही. उलट, तिची एवढ्या वर्षांची चाकरी हेच तिच्याकडे जाण्याचं कारण आहे.

जहाज जुनं असणं हा दोष नाही. जुनं जहाज नवं म्हणून विकणं आणि त्याची निगा न राखणं, हा दोष आहे.

2025 साली मुंबई-विजयदुर्ग रो-रो बोटीची घोषणा झाली, तेव्हा अनेक घरांतून जुन्या बोटींच्या आठवणी निघाल्या. या किनाऱ्यावर प्रवासी नेणाऱ्या सगळ्यांनाच माझी विनंती आहे: जहाज कोणत्या साली बांधलं, आधी त्याचं नाव काय होतं, शेवटची दुरुस्ती गोदीत कधी झाली, हे तिकिटावर छापा. झुंबर नसलं तरी आम्ही येऊ. कठडा मात्र धड असू द्या, आणि नळाला स्वच्छ पाणी असू द्या.