पाटाचे पाणी आणि शाळेची इंटरनेट लाईन



गेटवेवर बँडविड्थची वाटणी कशी करावी, हा आजचा विषय. नाव बोजड आहे, परंतु ज्याने पाटाचे पाणी पाहिले आहे त्याला तो नवा नाही. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत पाटकरी असतो. बंधाऱ्याचे पाणी कोणाला किती द्यावयाचे, हे तो पाहतो. तो नसेल तर वरच्या अंगाची शेते भिजतात आणि शेवटचे शेत कोरडे राहते. बाहेरून येणारी लाईन आणि शाळेतील संगणक यांच्यामध्ये बसलेले यंत्र म्हणजे गेटवे. तो आपला पाटकरी होय. मात्र त्याला काही सांगितलेच नाही, तर जो जास्त ओढील त्याचे पाणी!

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस डोळ्यांपुढे आणा. कार्यालयात कारकून मुलींचे दाखले चढवीत आहेत. त्याच वेळी शिक्षक-खोलीतील मोबाईल फोटो आणि व्हिडिओ बाहेर पाठवीत आहेत. अर्ज अर्ध्यावर अडकतो आणि आपण पोर्टलला दोष देतो. पुष्कळदा तो खराही असतो. पण आधी घरची वाटणी पाहावी.

ही अडचण जुनी आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील अवघ्या ४०० यार्डांच्या अंतरावर, सेकंदाला ३२ हजार बिटांचा प्रवाह ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये त्यावरील उपाय मांडला: माहिती वाटेत हरवू लागली की पाठविणाऱ्या संगणकाने स्वतःच हात आखडता घ्यावा. आजही हा शिष्टाचार पाळला जातो. पण तो दर जोडणीमागे आहे, दर माणसामागे नाही. जो तीस जोडण्या उघडतो त्याला साधारण तीस वाटे मिळतात, आणि एकच अर्ज भरणाऱ्याला एक. म्हणून पाटकरी लागतो.

समजा, लाईन ५० मेगाबिटची आहे. (मेगाबाइट नव्हे! आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट.) गेटवेला मात्र ४५ सांगावे. कारण रांग लागायचीच असेल तर ती आपल्या दारात लागली पाहिजे, कंपनीच्या मोडेममध्ये नव्हे. जेथे रांग, तेथेच कोणाला पुढे सोडायचे ते ठरते.

मग प्रत्येक गटाला दोन आकडे द्यावेत, एक हमीचा आणि एक कमाल मर्यादेचा. संगणक कक्षाला हमी २५, कार्यालयाला १०, शिक्षकांच्या मोबाईलना १०. हमीची बेरीज ४५ च्या वर जाता कामा नये. कमाल मर्यादा पहिल्या दोघांना ४५, मोबाईलना २०. तास नसताना कक्षाचा वाटा इतरांनी वापरावा. मुले बसली की तो परत. नुसती कमाल मर्यादा घातली तर रिकाम्या कक्षाचा वाटा वाया जातो.

येथे एक गोष्ट हमखास राहून जाते. हे सर्व आकडे आत येणाऱ्या प्रवाहाचे झाले. दाखला चढविणे म्हणजे बाहेर पाठविणे, आणि त्याची वाटणी निराळी करावी लागते. बाहेर जाण्याची गती १० असेल तर ९ धरावी आणि त्यांपैकी ५ ची हमी कार्यालयाला द्यावी.

गट पाडताना संकेतस्थळांच्या मागे लागू नये. आज बहुतेक वाहतूक कुलूपबंद असते. आत काय आहे ते गेटवेला नीट दिसत नाही. त्यापेक्षा कार्यालय, कक्ष आणि मोबाईल यांची जाळी वेगळी ठेवावीत. पुष्कळ गेटवे नियम वरून खाली वाचतात आणि पहिला लागू पडेल तो पाळतात. तेव्हा सर्वसाधारण नियम तळाशी घालावा.

आकडे टाकणे तंत्रज्ञाचे काम, ठरविणे आपले. ते शिक्षक-सभेत ठरवून वहीत लिहावे. मुख्याध्यापकांचा मोबाईल कोणत्या गटात, हेही तेथेच लिहावे; माझ्या मते तो शिक्षकांच्याच गटात असावा! नंतर परीक्षा घ्यावी. शिक्षक-खोलीतून चार मोठे व्हिडिओ एकदम बाहेर पाठवायला लावा आणि त्याच वेळी कार्यालयातून एक दाखला चढवा. तो अडला, तर बाहेर जाणारे आकडे पुन्हा तपासा.