सावित्रीच्या खोऱ्यात टिकणारी घरे
(भाषणाचा मजकूर)

रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके सह्याद्रीच्या कुशीत वसलेले आहेत. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर आणि महाड मागे टाकून बाणकोटच्या खाडीत उतरते. वरून डोंगराचे पाणी आणि खालून भरतीचे पाणी अशा दुहेरी दाबात महाड शहर शतकानुशतके नांदत आले आहे. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या प्रदेशात घर बांधणे ही केवळ घरमालकाची खाजगी बाब राहत नाही. घराची जागा चुकली, तर त्याची किंमत सगळ्या वाडीला मोजावी लागते.

पर्यावरणाशी सुसंगत वास्तुरचना म्हटली की महानगरांतील मोठ्या इमारती आणि त्यांवरील सौर यंत्रणा डोळ्यांपुढे येतात. अशा इमारतींचे मूल्यमापन करणारी ‘गृह’ ही पद्धती केंद्र शासनाने २००७ मध्ये स्वीकारली. राज्याच्या डिसेंबर २०२० मधील एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही हरित इमारतींना वाढीव चटईक्षेत्राची सवलत आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु डोंगरउतारावरील पाच-पंचवीस उंबऱ्यांच्या वाडीला चटईक्षेत्राचा उपयोग तो काय? तेथे ‘टिकाऊ’ या शब्दाचा पहिला अर्थ अगदी साधा आहे. घर उभे राहिले पाहिजे आणि घरातील माणसे सुरक्षित राहिली पाहिजेत.

अनुभवाची शिकवण

जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून जवळजवळ दोनशे माणसे दगावली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील पाच मजली निवासी इमारत कोसळून १६ जणांचा बळी गेला. त्या दिवशी ना पूर होता ना दरड, आणि इमारतही जुनाट नव्हती. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही प्राणहानी झाली आणि महाड शहर पुराखाली गेले. त्या सुमारास महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती.

या घटनांची कारणे भिन्न आहेत, पण त्यांतून निघणारा प्रश्न एकच आहे. पाया खणण्यापूर्वी जागा, माती, पाणी आणि बांधकाम यांचा एकत्रित विचार कोणी करावयाचा? गावात गवंडी असतो, सुतार असतो, ठेकेदारही असतो. वास्तुविशारद मात्र बहुधा शहरात असतो आणि त्याच्याकडे जावयाचे ते नकाशावर सही घेण्यापुरतेच, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत बदलणे हे स्थानिक वास्तुविशारदांच्या गटांचे खरे कार्य होय.

संघटित सल्ल्याची परंपरा

या व्यवसायाची संघटना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १९१७ मध्ये वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या संघातूनच आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स उभी राहिली. आज तिच्या शाखा देशभर आहेत. १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाने या व्यवसायाला कायद्याची चौकट दिली. अशी संघटित शक्ती सामान्य माणसाच्या घरापर्यंत पोहोचल्याची उदाहरणे इतर राज्यांत आहेत.

केरळमध्ये लॉरी बेकर या वास्तुविशारदाने आयुष्यभर स्वस्त आणि साध्या घरांचा पाठपुरावा केला. त्यांच्या सहभागाने १९८५ मध्ये त्रिशूर येथे ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था स्थापन झाली. विटा उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची पद्धत बेकर यांनी तेथे रुजविली. तीमुळे सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि घरही थंड राहते. कच्छमध्ये २००१ च्या भूकंपानंतर भुज येथे ‘हुन्नरशाला’ ही संस्था उभी राहिली. तेथे वास्तुविशारद आणि परंपरागत कारागीर एकत्र काम करतात व भूकंपातही तग धरतील अशी मातीची घरे बांधतात. दोन्ही ठिकाणी तज्ज्ञ गवंड्याकडून शिकला आणि गवंडी तज्ज्ञाकडून शिकला.

स्थानिक ज्ञान आणि शास्त्र

कोकणातील जुन्या घरातही शास्त्र होते. उंच जोते, उतरते कौलारू छप्पर, भिंतीपासून पुढे आलेली वळचण, चोहोबाजूंची पडवी, डोंगरभागात कारवीचा कूड ही सारी पावसाला दिलेली उत्तरे होत. आज सपाट स्लॅब घालावयाचा, तो गळू लागला की त्यावर पुन्हा लोखंडी पत्र्याचे छप्पर चढवावयाचे, असा दुप्पट खर्च गावोगाव दिसतो. प्रारंभीच उतरते छप्पर योजले असते, तर तो टळला असता.

तथापि जुने ते सर्व सुरक्षित, असेही मानता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे यांनीच बहुसंख्य बळी घेतले. भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड आणि भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा यांचा तेथे अभाव होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप पोलादपूरपासून फार दूर झाला नव्हता, याचेही स्मरण असावे. यास्तव स्थानिक दगड वापरावा, पण तो शास्त्रशुद्ध रीतीने बांधावा.

पाण्याचेही तसेच आहे. पावसाळ्यात दरडींना भिणाऱ्या कित्येक वाड्या एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहतात. घरकुलाचे छप्पर २५ चौरस मीटरचे धरले, तरी तीन हजार मिलिमीटर पावसात त्यावर ७५ हजार लिटर पाणी पडते. त्यातील केवळ १० हजार लिटर पाणी स्वच्छ व झाकलेल्या टाकीत साठविले, तर दररोज शंभर लिटर याप्रमाणे पाच माणसांच्या कुटुंबाची पिण्याची व स्वयंपाकाची गरज शंभर दिवस भागते. ही टाकी कोठे बसवावी आणि तिचे ओझे उतारावर कसे पेलावे, हे मात्र जाणकारानेच ठरवावयास हवे.

करता येण्याजोग्या गोष्टी

महाड, पोलादपूर आणि परिसरातील वास्तुविशारद व अभियंत्यांनी एकत्र येऊन महिन्यातून एक दिवस पंचायत समितीच्या कार्यालयात विनामूल्य सल्ला दिला, तर मोठे काम होईल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे तयार केले आहेत. ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावेत आणि घरकुलाची जागा ठरविताना सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांनी ते समोर ठेवावेत. पुराची पातळी शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवावी, म्हणजे नव्या घराचे जोते किती उंच घ्यावे हे कोणालाही कळेल. अंगण वाढविण्यासाठी डोंगराचा पायथा कापू नये आणि घरामागील पाणी चर खणून बाजूला काढावे. जमिनीला भेगा पडणे, झाडे वा खांब कलणे, गढूळ झरे अकस्मात फुटणे या खुणा दिसताच वाडी रिकामी करावी. शिक्षकांनी या गोष्टी विद्यार्थ्यांना शिकविल्या, तर त्या घरोघर पोहोचतील.

तळियेच्या पुनर्वसनासाठी म्हाडाने पूर्वनिर्मित घरांची पद्धत स्वीकारली. संकटानंतर घरे लवकर उभी करण्यास ती उपयुक्त आहे. पण शासनाला पुनर्वसन करावे लागू नये, असे घर आधीच बांधणे अधिक श्रेयस्कर नव्हे काय? त्यासाठी लागणारा सल्ला फार महाग नाही. तो वेळेवर, गावाच्या भाषेत आणि पहिली कुदळ पडण्यापूर्वी मिळाला पाहिजे. वास्तुविशारदांनी गावाकडे यावे आणि गावाने त्यांना विचारावे, एवढेच सावित्रीच्या खोऱ्याचे मागणे आहे.