चाल कुणाची?

(ढोकी येथे तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा सारांश)



आताच इथल्या मुलांनी हलगीच्या ठेक्यावर रॅप म्हणून दाखवले, तेव्हा काही वडीलधाऱ्यांनी नाके मुरडली. अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने त्यावर बोलावे, हेही काहींना नवलाचे वाटेल. परंतु यातला खरा प्रश्न मालकीचा आहे आणि तो माझ्या शास्त्राचा आहे.

हिप-हॉप 1973 साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स या गरीब विभागात जन्मले. जुन्या तबकड्यांतला ठेका पुन्हापुन्हा वाजवायचा आणि त्यावर बोलायचे, एवढेच त्याचे भांडवल. या संगीताचे नाते आपण संतापाशीच जोडतो. पण 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यात एक हसरा, आशावादी कालखंड येऊन गेला. 'डे ला सोल' या तिघांच्या 1989 च्या 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' या संग्रहात प्रश्नमंजूषेचे सोंग आहे. एके ठिकाणी तर 'द टर्टल्स' यांच्या जुन्या गाण्याचा तुकडा आणि त्यावर फ्रेंच शिकवणीची तबकडी!

त्या तुकड्यावरूनच दावा झाला आणि तडजोड करावी लागली. डिसेंबर 1991 मध्ये बिझ मार्की या दुसऱ्या गायकाविरुद्ध न्यायालयाचा निर्णय लागला. विनापरवाना तुकडा वापरणे म्हणजे चोरी, असा त्याचा आशय. पुढे शेकडो तुकड्यांची गंमत फक्त धनिकांना परवडू लागली. त्या संग्रहाला इंटरनेटवरील संगीतसेवांवर येण्यास मार्च 2023 उजाडला. तिघांपैकी डेव्हिड जोलिकोर त्याआधी तीनच आठवडे निवर्तले होते.

हा खेळ आपल्याला परका आहे काय? आपल्या जलशांच्या पुस्तिकांत पदाच्या डोक्यावर 'चाल' छापलेली असे. लोकांच्या ओठांवरचे गाणे घ्यायचे आणि त्यात नवे शब्द भरायचे. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने हसतखेळत रूढींवर कोरडे ओढले. इथून जवळच, बार्शीत, 1916 साली जन्मलेले शाहीर अमर शेख याच लोकपरंपरेचे वारसदार. चाल ही गावच्या गायरानासारखी सर्वांची होती.

मूळ कलावंताला मोबदला देऊ नये, असे मी म्हणत नाही. तो मिळालाच पाहिजे. मात्र मोबदल्याचा हक्क वेगळा आणि मनाई करण्याचा हक्क वेगळा. आपल्या कायद्यात 2012 च्या दुरुस्तीने, पाच वर्षांनंतर ठरावीक मानधन भरून जुने गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करण्याची वाट ठेवली आहे. ध्वनिमुद्रणाच्या तुकड्यांसाठीही अशीच वाट हवी. तेरणा सहकारी साखर कारखान्याच्या या गावाला मालकीचे एकाहून अधिक प्रकार असतात, हे सांगायला नको.

मुलांनो, तुमच्या वहीत प्रत्येक रॅपच्या डोक्यावर 'चाल' लिहीत जा. ठेका कुणाचा, ते मोकळेपणाने सांगा. ऋण मान्य करण्यात कमीपणा नाही. हसण्यासाठी परवाना मागावा लागणे, यात मात्र आहे.