आखूड धावपट्टी आणि आपली धास्ती

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत शिवाजीनगर, बंगळूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी जेव्हा मला विषय विचारला, तेव्हा त्यांची अशी समजूत होती की केंद्र सरकारचा एक अधिकारी एखाद्या योजनेविषयी किंवा निवृत्तिवेतनाच्या नियमांविषयी बोलेल. मी विषय सांगितला तो आखूड धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानात बसताना वाटणाऱ्या भीतीचा. ते हसले, परंतु लगेच म्हणाले की आमच्या घरीही हा विषय निघतो. तो आपणा सर्वांच्याच घरी निघतो, असा माझा अनुभव आहे. आपण गावापासून दूर राहणारी माणसे. ज्येष्ठांनी मीटरगेजच्या काळात मिरजेला गाडी बदलून प्रवास केला, नंतरच्यांनी रात्रीच्या बसमध्ये कंबर मोडून घेतली, आणि आता बेळगाव, कोल्हापूर, मंगळूर, सिंधुदुर्ग ही नावे विमानांच्या वेळापत्रकांत दिसू लागली आहेत. आई आजारी असल्याचा फोन आला म्हणजे तासाभराचा प्रवास की रात्रभराचा, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही. अशा वेळी "त्या छोट्या विमानतळावर मी उतरणार नाही" म्हणून बसने गेलेली आणि उशिरा पोचलेली माणसे आपल्या मंडळात आहेत. त्यांच्या भीतीला हसण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. तीच भीती मलाही वाटत आलेली आहे.

मी विज्ञानाचा पदवीधर नव्हे. बी. ए. झालो तो इतिहास घेऊन. त्यामुळे कोणत्याही भीतीचा इतिहास शोधण्याची मला खोड आहे. आपल्या देशातील नियमित हवाई टपालाचा आरंभच एका मैदानावर झाला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे आपले लहानसे पस मॉथ विमान घेऊन जुहूला उतरले, आणि तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेले. आपल्या या कर्नाटकाच्या भूमीलाही त्या पहिल्या टपालाचा स्पर्श झाला होता, हे इथे मुद्दाम सांगावेसे वाटते. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई आणि टाटांना आपले बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागे.

पुढे सांताक्रूझचा मोठा विमानतळ झाला, पण जुहूही राहिले. आणि या शेजारातून दोन विलक्षण प्रसंग घडले. 1953 च्या जुलैत बी.ओ.ए.सी.चे कॉमेट हे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूला उतरले. ते थांबले, आणि काही दिवसांनी तेथूनच उडवून नेण्यात आले. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-8 मुंबईला येताना असेच फसले आणि जुहूच्या धावपट्टीवर टेकले. ती धावपट्टी 1,143 मीटरांची; म्हणजे सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीचा जेमतेम तिसरा हिस्सा. विमान थांबले नाही, पट्टी ओलांडून गेले आणि कायमचे निकामी झाले. सुदैवाने कोणी दगावले नाही. आखूड धावपट्टीची भीती निराधार आहे असे म्हणणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पण हेही ध्यानात ठेवावे की जुहूला जाणारे विमान जुहूचे माप घेऊन निघाले असते, तर असे घडले नसते. आखूडपणा हा कपड्यासारखा असतो. तो अंगावरून ठरतो.

हे माप कसे घेतात, ते मला एका वैमानिक स्नेह्याने समजावून सांगितले. आणि नियमांत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते फार भावले. जेट विमान एखाद्या विमानतळाकडे पाठवायचे, तर निघण्यापूर्वीच असा हिशेब मांडावा लागतो की त्या दिवशीच्या वजनाला ते उपलब्ध धावपट्टीच्या 60 टक्क्यांत पूर्ण थांबले पाहिजे. पंख्यांच्या टर्बोप्रॉप विमानाला, म्हणजे ए.टी.आर. जातीच्या विमानाला, ही मर्यादा 70 टक्के. पट्टी ओली असेल तर जेटला आणखी 15 टक्के लांबी हवी. हिशेब जमत नसेल तर माणसे किंवा सामान कमी करायचे. सिमल्याच्या जुब्बरहट्टी विमानतळाची पट्टी सुमारे बाराशे मीटरांची आणि उंची दीड हजार मीटरांची. तिथून दिल्लीकडे निघणाऱ्या विमानात म्हणूनच कित्येक जागा मोकळ्या ठेवाव्या लागतात. आपण त्या रिकाम्या खुर्च्या पाहून "धंदा चालत नाही वाटते" असे म्हणतो. त्या रिकाम्या खुर्च्या म्हणजे आपली धावपट्टी होय.

दुसरी गोष्ट वेगाची. मोठे बोइंग 737 साधारणपणे ताशी 260 किलोमीटरांच्या आसपास वेगाने टेकते, ए.टी.आर. दोनशेच्या आसपास. फरक साठाचाच दिसतो, पण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. तेव्हा प्रत्यक्षात तो दीडपटीहून अधिक होतो. कोल्हापूरची पट्टी कित्येक वर्षे चौदाशे मीटरांहूनही आखूड होती, तरी तिथे ए.टी.आर. उतरत असे, ते याच कारणाने. सांबऱ्याची, म्हणजे बेळगावची, पट्टी 2,300 मीटरांपर्यंत वाढवून 2017 मध्ये नवी इमारत सुरू झाली. सिंधुदुर्गात चिपीच्या सड्यावर अडीच हजार मीटरांची पट्टी झाली आणि ऑक्टोबर 2021 मध्ये ती प्रवाशांना खुली झाली. या पट्ट्यांना आखूड म्हणताना विमान कोणते, हे आधी विचारले पाहिजे.

आता एक गोष्ट, जी ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते. विमान धाडकन टेकले की आपण वैमानिकाला नावे ठेवतो, आणि चाके टेकल्याचे कळलेसुद्धा नाही तर "काय लोण्यासारखे उतरवले" म्हणून कौतुक करतो. मंगळूरची जुनी पट्टी सोळाशे मीटरांची होती. 2006 पूर्वी कामानिमित्त मी त्या पट्टीवर अनेकदा उतरलो. चाके दणका देत टेकायची, लगेच इंजिनांचा उलटा जोर गर्जायचा, आणि पट्टा पोटात रुतायचा. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायचो. पुढे कळले की तो दणका हेतुपुरस्सर असतो. जे विमान सावकाश, अलगद टेकण्यासाठी जमिनीपासून हातभर उंचीवर तरंगत राहते, ते दर सेकंदाला सत्तरेक मीटर पट्टी खाऊन टाकते. पाच सेकंदांच्या त्या लोणकढ्या सुखाची किंमत साडेतीनशे मीटर. तेव्हापासून मला दणक्याने धीर येतो. घरच्यांना मात्र हे अजून पटलेले नाही.

आता ज्या दोन घटनांमुळे आपली झोप उडालेली आहे, त्यांच्याकडे वळतो. त्या टाळून हा विषय बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान मंगळूरच्या बजपे येथील टेकडीवरच्या नव्या पट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. 166 जणांपैकी 158 दगावले. चौकशी न्यायालयाचे नेतृत्व हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होते. पट्टी 2,450 मीटरांची होती, आणि त्या विमानाला ती पुरेशी होती. परंतु विमान फार उंचीवरून आणि फार वेगाने आले आणि सुमारे 1,585 मीटर पट्टी मागे टाकून टेकले. मुख्य वैमानिकाने प्रवासाचा बराच भाग झोपेत घालवला होता. सहवैमानिकाने "गो अराउंड", म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे एकदा नव्हे, अनेकदा सुचवले होते. मुख्य वैमानिक उतरतच राहिला.

7 ऑगस्ट 2020 रोजी, महामारीच्या दिवसांत, दुबईहूनच माणसे परत आणणारे विमान कोझिकोडला मुसळधार पावसात उतरले. मुख्य वैमानिक होते विंग कमांडर दीपक साठे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे विद्यार्थी, हवाई दलाचे गुणी अधिकारी, आपल्यातलेच एक. पहिला प्रयत्न सोडून ते एकदा वर गेलेही होते. दुसऱ्या वेळी विरुद्ध दिशेने, पाठीमागून वारा घेत आले. समोरच्या काचेचा वायपर नीट चालत नव्हता. सुमारे 2,700 मीटरांच्या पट्टीवर विमान मध्याशी, साडेतेराशे मीटरांवर टेकले. 190 जणांपैकी 21 गेले, त्यांत दोघेही वैमानिक. त्या रात्री आपल्या घराघरांत हळहळ झाली, आणि साठे यांच्या नावाविषयीचा आदर योग्यच होता. पण चौकशीचा अहवाल 2021 मध्ये आला तेव्हा त्यात लिहिलेले होते की येथेही सहवैमानिकाने वर जाण्याचे सुचवले होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी कोझिकोडलाच पोचण्याची ओढ निर्णयावर भार टाकून गेली, कारण तिथे मुख्य वैमानिकांची संख्याच अपुरी होती. आपल्या माणसाविषयीचे असे वाक्य वाचताना मन कचरते. तरी ते वाचावे. शूर आणि कर्तव्यदक्ष माणसाकडूनसुद्धा असे घडू शकते, हेच त्यात भयंकर आहे; आणि त्यात दोष केवळ त्यांचा होता, असेही अहवाल म्हणत नाही.

सरकारी कचेरीत तीस वर्षे काढलेल्या माणसाला या दोन अहवालांत विमानशास्त्रापेक्षा आपली कचेरीच अधिक दिसते. कनिष्ठाला धोका दिसतो. तो सांगतोही, पण हळू आवाजात, आर्जवाने, साहेबांचा मान राखून. साहेब ऐकत नाहीत, आणि कनिष्ठ दुसऱ्यांदा तितक्याच हळू आवाजात बोलतो. आमच्याकडे निदान फाइल असते. टिपणीत आपले मत नोंदवून सही करता येते, आणि फाइल चार दिवस टेबलावर पडून राहिल्याने बहुधा कोणी मरत नाही. विमानात हे सारे काही सेकंदांत उरकायचे असते. 1977 मध्ये टेनेरिफ येथे धावपट्टीवर दोन जंबो जेट आदळून 583 माणसे गेली, तेव्हाही एका विमानाच्या कक्षातील कनिष्ठ सहकाऱ्याने शंका काढली होती आणि ज्येष्ठाने ती झटकली होती. त्यानंतर जगभर वैमानिकांना असे शिक्षण देऊ लागले की कनिष्ठाने स्पष्ट बोलावे, आणि वेळ पडल्यास नियंत्रण आपल्या हाती घ्यावे. नियम झाला, सवय व्हायला पिढ्या लागतात. ज्या समाजात थोरांपुढे तोंड उघडणे हा उद्धटपणा मानतात, तिथे तर अधिकच. आपल्या मुलांना आपण काय शिकवतो ते आपणच पाहावे.

धावपट्टीची लांबी हा विषय यामुळे निकालात निघतो, असे मात्र मी म्हणत नाही. पठारावरच्या पट्टीला चुकीची क्षमा कमी असते. सपाट भागात विमान पट्टी ओलांडून शेतात रुतते. टेकडीवर ते खाली कोसळते. पट्टीच्या टोकापुढे मोकळी सुरक्षित जागा निदान 90 मीटर असावी आणि शक्यतो 240 असावी, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. डोंगर फोडून आणि भराव घालून ही जागा करणे खर्चाचे असते, आणि उद्घाटनाच्या फलकावर तिचे नाव कधी येत नाही. प्रत्येक जिल्ह्याला विमानतळ हवा आणि त्यावर मोठेच विमान उतरले पाहिजे, असा आग्रह आपले लोकप्रतिनिधी धरतात तेव्हा आपणही टाळ्या वाजवतो. त्या टाळ्या थोड्या जपून वाजवाव्यात, असे मला वाटते.

आणि उलट बाजूही पाहा. 1 जुलै 2019 रोजी मुंबईच्या पावसात जयपूरहून आलेले विमान तिथली मुख्य, जवळजवळ साडेतीन किलोमीटरांची पट्टी ओलांडून चिखलात रुतले. आपल्या बंगळूरात 14 फेब्रुवारी 1990 रोजी मुंबईहून आलेले एअरबस विमान एच.ए.एल.च्या विमानतळापाशी पडले, 92 माणसे गेली. या सभागृहात ती दुपार आठवणारी माणसे असतील. तिथली पट्टी तीन किलोमीटरांहून लांब होती. विमान तिच्यापर्यंत पोचलेच नाही, अलीकडे गोल्फच्या मैदानावर टेकले.

मग भीती कशाची धरावी? मला विचाराल तर घाईची. आणि त्या घाईत आपला, प्रवाशांचा, वाटा असतो. उतरता उतरता विमान एकाएकी गर्जत पुन्हा वर चढले की विमानात हलकल्लोळ होतो. कोणी देवाचे नाव घेतो, कोणी हवाई सेविकेवर ओरडतो. त्याच क्षणी खरे तर पुढे बसलेल्या कोणीतरी शहाणपणाने "नको" म्हटलेले असते. मंगळूरला आणि कोझिकोडला तो आवाज इंजिनांनी वेळेवर केला असता तर आपण आज ही नावे घेतली नसती. बेळगावला धुके आहे म्हणून विमान बंगळूरला परत आले, तेव्हा काउंटरवरच्या पोरसवदा मुलीला आपल्यातल्याच सुशिक्षित मंडळींनी धारेवर धरलेले मी पाहिले आहे. असा आरडाओरडा कंपनीच्या कचेरीत पोचतो, तिथून वेळापत्रकात, आणि वेळापत्रकातून वैमानिकाच्या मनात.

मला कोणी विचारले, "वडिलांना कोल्हापूरला विमानाने नेऊ का?", तर मी "न्या" म्हणतो. पावसाळ्यात तिकीट काढताना मात्र पुढचा एक दिवस मोकळा ठेवावा, लग्नाच्या मुहूर्ताच्या सकाळचे विमान धरू नये. विमान लहान असले तर घाबरू नये. लहान पट्टीला तेच शोभते. वडिलांना आधीच सांगून ठेवावे की दणका बसेल, ब्रेक जोरात लागतील, आणि कदाचित विमान पुन्हा वर जाईल. तसे झाले तर त्यांचा हात धरावा. शेजारच्यालाही सांगावे. माझ्या सौभाग्यवती अजूनही बसनेच जातात, आणि मी त्यांना आग्रह करीत नाही. रात्रीच्या बसचे धोके हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, आणि तो मंडळाने दुसऱ्या कोणाला द्यावा.

प्रश्नांसाठी दहा मिनिटे राखून ठेवण्यास अध्यक्षांनी सांगितले आहे. मागच्या रांगेतले गृहस्थ मघापासून हात वर करून बसले आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करू.