नभोवाणीवरील संभाषण



ध्वनिक्षेपकापुढें बोलावयास बसलें म्हणजे माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास पहिली अडचण भासते ती ही, कीं समोर कोणीच नसतें. वर्गांत चाळीस चेहरे समोर असत. कोणास समजलें, कोण कंटाळला, कोणाच्या मनांत शंका उभी राहिली, हें बोलतां बोलतां दिसत असे. येथें चार भिंती, एक कांच, आणि कांचेपलीकडे घड्याळाकडे डोळे लावून बसलेले अधिकारी. आपण जांभई दिलीत तरी मला दिसणार नाहीं, आणि "हें साफ चुकलें" असें आपण मोठ्यानें म्हणालांत तरी मला ऐकूं येणार नाहीं. नभोवाणीला वाणी आहे, पण कान नाहींत. आठवड्याच्या अखेरीस राष्ट्राची संस्कृति, इतिहास आणि चालू घडामोडी यांवर नभोवाणीवरून जीं संभाषणें होतात, त्यांना हे कान कसे लाभतील, याचा आज आपण थोडा विचार करूं.

कोणी विनोदानें म्हणतात, कीं महाभारतांतील संजय हा पहिला नभोवाणी-निवेदक. तो दूरची रणभूमि पाहतो आणि राजवाड्यांत बसलेल्या आंधळ्या राजास तिचा वृत्तांत सांगतो. विनोद चांगला आहे, परंतु त्यांत एक गोष्ट निसटते. भगवद्गीतेचा आरंभ संजयाच्या सांगण्यानें होत नाहीं, धृतराष्ट्राच्या प्रश्नानें होतो. पुढें श्रीकृष्ण जें सांगतात तेंही अर्जुनाच्या शंकांच्या वाटेनेंच पुढें सरकतें. आमच्या शास्त्रकारांची रीतिही तीच. प्रथम पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तो दुबळा करून नव्हे तर त्याच्या सर्व बळानिशीं. मग त्याचें उत्तर द्यावयाचें. ज्यास प्रतिपक्ष नीट मांडतां येत नाहीं, त्याच्या सिद्धान्तास पंडितसभेंत किंमत नसे. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेथेंही वक्ता आणि श्रोता एकमेकांच्या समोर होते. न पटलेलें श्रोत्याच्या चेहऱ्यावर दिसे, आणि वक्त्यास तें पाहावें लागे.

नभोवाणी आली आणि हें समोरासमोरचें नातें तुटलें. २३ जुलै १९२७ रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें मुंबईच्या केंद्राचें उद्घाटन झालें. तें केंद्र एका खाजगी कंपनीचें होतें. तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच ती कंपनी बुडाली. १९३० सालीं सरकारनें हें काम आपल्या हातीं घेतलें, आणि १९३६ सालीं त्यास 'ऑल इंडिया रेडिओ' हें नांव मिळालें. बोलणारा एक आणि ऐकणारे असंख्य. शिवाय बोलणारा परका सत्ताधीश. अशा वेळीं श्रोत्यानें उत्तर द्यावें कोठून?

उत्तरास सरळ वाट ठेविली नाहीं, म्हणजे तें चोरवाटेनें येतें. १९४२ च्या ऑगस्टमध्यें राष्ट्रीय पुढारी तुरुंगांत गेले, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेस मुंबईंतून एक गुप्त केंद्र बोलूं लागलें. त्याचें नांव काँग्रेस रेडिओ. उषा मेहता ही अवघी बावीस वर्षांची विद्यार्थिनी आणि तिचे सहकारी पोलिसांस चुकवीत, बिऱ्हाडामागून बिऱ्हाड बदलीत, तें चालवीत होते. सरकारी नभोवाणी जें सांगत नसे, तें हें केंद्र सांगे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांनीं तें पकडलें, आणि उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली.

याच्या बरोबर पांच वर्षांनंतर, १२ नोव्हेंबर १९४७ रोजीं, महात्मा गांधी दिल्लीच्या नभोवाणी-भवनांत आले. तो दिवाळीचा दिवस होता. कुरुक्षेत्राच्या छावणींत निर्वासित पडले होते. त्यांच्याकडे स्वतः जाणें झालें नाहीं, म्हणून महात्माजींनीं आपला आवाज पाठविला. ध्वनिक्षेपणासाठीं ते त्या भवनांत आले ते ह्या एकाच वेळीं. त्यांच्या इतर भाषणांकडे पाहिलें म्हणजे याचें कारण उमगतें. ते बोलत प्रार्थनासभेंत, माणसांसमोर, आणि नभोवाणीचीं माणसें तेथें जाऊन तीं भाषणें मुद्रित करीत. ह्या सभांत कुराणांतील वचनांस कोणी हरकत घेतली, तर प्रसंगीं ते प्रार्थना थांबवीत आणि हरकत घेणाराशीं बोलत. एका माणसाच्या 'नाहीं'साठीं थांबणारा वक्ता, हा मला संभाषणाचा सर्वांत मोठा आदर्श वाटतो.

ह्याच महायुद्धाच्या काळांत लंडनच्या बी. बी. सी.ने एक प्रयोग केला. १९४१ सालीं सुरू झालेल्या 'ब्रेन्स ट्रस्ट' ह्या कार्यक्रमांत तत्त्वज्ञ जोड, शास्त्रज्ञ ज्यूलियन हक्स्ली आणि दर्यावर्दी कँपबेल असे तीन भिन्न प्रकृतीचे गृहस्थ एकत्र बसत. श्रोत्यांकडून आलेले प्रश्न त्यांस आयत्या वेळीं विचारले जात. लिहून आणलेलें वाचावयाचें नाहीं, आणि एकमेकांशीं मतभेद दाखविण्यास संकोच नाहीं. हा कार्यक्रम कमालीचा लोकप्रिय झाला. याचें कारण केवळ विद्वत्ता नव्हे. आपल्या देखत कोणी विचार करीत आहे, अडखळत आहे, दुसऱ्याच्या बोलण्यानें आपलें मत बदलीत आहे, हें श्रोत्यांस प्रथमच ऐकावयास मिळालें.

उलट अनुभवही त्याच संस्थेंत सांपडतो. तिच्या पौर्वात्य विभागांत १९४१ ते १९४३ पर्यंत जॉर्ज ऑर्वेल हिंदुस्थानासाठीं भाषणांची योजना करीत. कोल्हापुराकडील शिरोळच्या वेणू चितळे ह्या आपल्या मराठी भगिनी त्यांच्याबरोबर काम करीत होत्या. भाषणें निवडक, वक्ते नामांकित. तरी ऑर्वेल शेवटीं काम सोडून गेले, कारण आपल्या श्रमाचें कांहींच फळ दिसत नाहीं, असें त्यांच्या मनानें घेतलें. ज्या वक्त्यास उत्तर येत नाहीं, तो कितीही मोठा असला तरी असाच खचतो.

मग उपाय काय? तो दूर शोधावयास नको. १९५६ सालीं पुणें केंद्रानें तो करून दाखविला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को संस्थेच्या साह्यानें मराठी मुलुखांतील पांच जिल्ह्यांत, दीडशेंच्या सुमारास खेड्यांत, श्रोत्यांचीं मंडळें स्थापन झालीं. रविवारीं आणि गुरुवारीं सायंकाळीं अर्धा तास कार्यक्रम होई. गांवचीं पंधरा-वीस माणसें एकत्र बसून तो ऐकत. कार्यक्रम संपला कीं यंत्र बंद करीत आणि ऐकलेल्यावर चर्चा करीत. जी शंका उरे, ती चिटणीस लिहून पुण्यास पाठवी, आणि पुढें केंद्राकडून तिचें उत्तर मिळे. पॉल न्यूरथ ह्या समाजशास्त्रज्ञांनीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें ह्या प्रयोगाची परीक्षा केली. जेथें मंडळ होतें तीं गांवें, आणि जेथें नुसतें यंत्र होतें पण मंडळ नव्हतें तीं गांवें, यांची त्यांनीं तुलना केली. मंडळें असलेल्या गांवांतील माणसांचें ज्ञान कितीतरी अधिक वाढलेलें आढळलें, आणि त्यांत निरक्षर माणसेंही होतीं. यंत्र दोहींकडे तेंच, आवाज तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतरच्या बोलण्यानें.

शहरांतील सुशिक्षित घरांस असें संभाषण अगदींच अपरिचित होतें, असेंही नाहीं. मुंबई केंद्रावरील 'पुन्हा प्रपंच' पुष्कळांस आठवत असेल. टेकाडे भावजी, मीनावहिनी आणि पंत हीं तीन माणसें महागाईपासून नगरपालिकेपर्यंत कशावरही बोलत. तिघांचा सूर वेगळा, म्हणून ऐकणारास आपला सूर मिसळावयास जागा सांपडे. आमच्या घरीं तें संपल्यावर चहाबरोबर चौथें आणि पांचवें मत निघत असे.

आतां एक गोष्ट सांगतों. ती सांगतांना मला संकोच वाटतो. मी वर्गांत पानिपताचा धडा शिकवीत होतों. १४ जानेवारी १७६१. पराभवाचीं सात कारणें मीं फळ्यावर लिहिलीं, आणि मुलांनीं तीं उतरून घेतलीं. मागच्या बांकावरील एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, फौजेबरोबर जे यात्रेकरू आणि बायकामुलें गेलीं होतीं, त्यांचें पुढें काय झालें?" मीं म्हटलें, "तें परीक्षेला नाहीं. खालीं बस." तो बसला. त्या वर्षीं त्यानें मला पुन्हा प्रश्न विचारला नाहीं.

निवृत्तीनंतर एका रविवारीं नभोवाणीवर पानिपतावरच दोन अभ्यासकांचें संभाषण लागलें होतें. एकानें माझींच सातही कारणें सांगितलीं. मला मोठें समाधान वाटलें. तोंच दुसऱ्यानें विचारलें, "परंतु जीं माणसें लढावयास गेलींच नव्हतीं, त्यांचा हिशेब आपण कोठें मांडतां?" पहिले गृहस्थ क्षणभर थांबले आणि म्हणाले, "आपलें म्हणणें बरोबर आहे. मीं त्या बाजूनें विचार केला नव्हता." मग कैद झालेल्या स्त्रिया आणि मुलें, उपाशीपोटीं परतणारे लोक, त्यांस आश्रय देणारा भरतपूरचा सुरजमल जाट, हें सर्व बोलण्यांत आलें. सुरजमलाची हकीकत तर शाळेच्या कपाटांतील पुस्तकांतही होती. त्या मुलास उत्तर देण्यास मला पांच मिनिटें पुरलीं असतीं. परंतु "मीं विचार केला नव्हता" हें त्या विद्वानानें सहज उच्चारलेलें वाक्य मला तीस वर्षांच्या नोकरींत एकदांही उच्चारतां आलें नाहीं. मुलाच्या प्रश्नानें माझा अधिकार कमी होईल, अशी मला भीति वाटत होती. खरें पाहतां त्या दिवशीं मीं मुलांस इतिहासाचें भाषण दिलें आणि इतिहासाचें संभाषण त्यांच्याकडून हिरावून घेतलें.

म्हणून संभाषणें योजणारांस माझी विनंति आहे, कीं एकाच मताचे दोघे आणून बसवूं नका. दोन आवाजांत केलेलें तें एकच भाषण होय. श्रोत्यांचीं पत्रें वाचावयाचीं तर स्तुतीचींच वाचूं नका; हरकतीचें पत्र आधीं वाचा. चूक झाली असेल तर पुढच्या रविवारीं, त्याच वेळीं, तितक्याच स्पष्ट आवाजांत ती कबूल करा. राष्ट्राचा इतिहास आणि संस्कृति हे विषय असे आहेत, कीं त्यांत माणसें चटकन दुखावतात, आणि दुखावलेलें माणूस ऐकणें बंद करतें. आपलें म्हणणें कोणी न्यायानें मांडलें, एवढें जरी त्यास दिसलें, तरी तें ऐकत राहतें.

आणि आपणां श्रोत्यांस एवढेंच सांगणें आहे. आज नभोवाणी खिशांतल्या दूरध्वनींत शिरली आहे, आणि एकाच घरांतील चार माणसें चार कोपऱ्यांत, कानांत नळ्या घालून, चार वेगळीं भाषणें ऐकत बसतात. आठवड्यांतून एक दिवस हें बाजूस ठेवा. रविवारीं एक संभाषण सर्वांनीं मिळून ऐका. तें संपलें कीं यंत्र बंद करा आणि पंधरा मिनिटें बोला. घरांतील सर्वांत लहान मुलास प्रथम बोलूं द्या, कारण वडील आधीं बोलले कीं तें गप्प होतें. स्वयंपाकघरांतून अर्धेंमुर्धें ऐकणाऱ्या गृहिणीस बाहेर बोलावून तिचें मतही विचारा. आणि मुलानें असा प्रश्न केला, कीं ज्याचें उत्तर आपणांस ठाऊक नाहीं, तर "आपण शोधूं" असें म्हणा. मीं म्हटलें तें म्हणूं नका.

माझी वेळ संपत आली. कांचेपलीकडून तशी खूण झाली आहे. मीं बोललेलें आपणांस पटलें नसेल, तर तसें ह्या केंद्रास एका पत्रानें कळवा. त्या पत्राची मी वाट पाहीन.