खांदेमळणी आणि खांदेसूज



पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळण्याची चाल मराठवाड्यात, विदर्भात आणि खानदेशात अजून आहे. वर्षभर ज्या जागी जू बसते तेथे हळद आणि तूप किंवा लोणी चोळतात, गरम पाण्याने शेकतात आणि सणाच्या दिवशी बैलाला कामाला जुंपत नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हाच मान बेंदराला मिळतो. शहरातील सुशिक्षित मनुष्य या चालीकडे लोकसंस्कृतीचे एक गोड चित्र म्हणून पाहतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो उपचार आहे. जुवाखाली कोणते दुखणे निपजते हे त्याच्या वाडवडिलांना पक्के ठाऊक होते. त्या दुखण्याचे नाव खांदेसूज. पशुवैद्यकाच्या दप्तरातही तोच शब्द आहे.

खांदेसूज कशी होते हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या प्रश्नाचे सारे अर्थशास्त्र तिच्यात साठलेले आहे. जोडीतले दोन बैल उंचीला सारखे नसले, जू खडबडीत असले, गाडीचा भार पुढे झुकलेला असला किंवा ओझेच बैलाच्या शक्तीबाहेरचे असले, की कातडी आणि लाकूड यांचे घर्षण वाढते. प्रथम नुसती सूज येते. हात लावला तर ती गरम लागते. या पायरीवर मलम, साधी औषधे आणि मुख्य म्हणजे विश्रांती मिळाली तर बैल बरा होतो. ती मिळाली नाही तर सुजेत पू धरतो, कातडी फाटते, जखमेत अळ्या पडतात. कधी सुजेची कठीण गाठ होऊन बसते आणि मग शस्त्रक्रियेवाचून इलाज उरत नाही. म्हणजे या रोगावरचे सर्वांत महत्त्वाचे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही. ते औषध म्हणजे जुवाविना गेलेले काही दिवस. हे दिवस कोणाजवळ आहेत?

बीड, जालना, धाराशिव, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतात. ट्रॅक्टर वाढले, तोडणीयंत्रे आली, तरी बैलगाडीने ऊस वाहण्याचे काम संपलेले नाही. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली उचल या कोयत्याने हंगामभर राबून फेडायची. बैलगाडीवाल्या कोयत्याचे गणित आणखी बिकट. बैल त्याचे, बैलांची जोखीम त्याची, आणि मजुरी मात्र टनावर. पहाटे अंधारात फडात आणि नंतर कारखान्याच्या वजनकाट्यापुढच्या रांगेत, असा त्या बैलांचा पाच-सहा महिन्यांचा दिनक्रम असतो. एका बैलाचा खांदा सुजला तर गाडी उभी राहते. गाडी उभी राहिली तर टन थांबतात, टन थांबले तर उचल अंगावर राहते, आणि पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाच्या दाराशी जावे लागते. मग सुजलेल्या खांद्यावर गोणपाटाची घडी टाकून जू चढविले जाते.

त्या माणसाला निर्दय म्हणणे सोपे आहे. पण त्याच फडात त्याची बायको अंगात ताप असताना डोक्यावर मोळ्या वाहते, कारण खाडा पडला तर मजुरी कापली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. जो हंगाम बाईच्या शरीराला एक दिवसाची उसंत देत नाही, तो बैलाच्या खांद्याला देईल अशी अपेक्षा कोणी कशाच्या आधारावर करावी? येथे माणसाचे दुःख आणि जनावराचे दुःख अशी दोन निराळी खाती नाहीत. टनामागे मजुरीचा जो दर आहे त्यानेच दोघांना एका जुवाला बांधले आहे.

आता कायद्याकडे पाहावे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा संसदेने १९६० मध्ये केला. त्याच कायद्याने स्थापन झालेल्या प्राणिकल्याण मंडळावर लोकांना प्राण्यांविषयी दयाबुद्धीचे शिक्षण देण्याची जबाबदारीही टाकली. ओढकाम आणि भारवहन करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. ते वाचताना मनुष्य चकित होतो. दिवसात एकंदर नऊ तासांपेक्षा अधिक काम नको, मध्ये विसावा न देता सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नको, तापमान ३७ अंशांच्या वर जाते त्या भागात दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचे नाही, आणि टोचणारी काठी, म्हणजे शेतकऱ्याच्या भाषेत पराणीची आर, पूर्णपणे निषिद्ध! देशातील कितीतरी शेतमजुरांना स्वतःसाठी असे नियम मिळाले तर हवे आहेत. पण नियम मोडला तर पकडायचे कोणाला? गाडीवानाला. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत. १९६० साली ठरलेली ही रक्कम आजही कायद्यात तशीच आहे. दंड वाढवावा अशी मागणी प्राणिमित्र करतात आणि ती गैर नाही. मात्र ज्याने गाडीवर किती ऊस लादायचा याची रीत पाडली, ज्याने रांगेत बैलांना तासन्‌तास जुंपलेले उभे ठेवले, त्याच्यापर्यंत हा दंड पोहोचत नाही, तोवर तो वाढला काय आणि न वाढला काय, भरणार तो कोयताच.

राज्यात २०१५ पासून बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे. त्या वादाच्या सर्व बाजू येथे मांडण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की थकलेला बैल विकून त्या पैशात थोडी भर घालून नवा बैल घ्यायचा, ही गरीब शेतकऱ्याची जुनी सोय तिने जवळजवळ मोडली. बैलाच्या म्हातारपणाचा खर्च शासनाने कायद्याने ज्याच्यावर टाकला, त्याच्या मदतीला शासनाचा दवाखाना तरी उघडा असावयास हवा होता.

आणि दवाखाना आहे. ही गोष्ट विसरून चालणार नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यापासून ग्रामीण भागातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचे मोठे जाळे त्यांच्याकडे आहे. श्रेणी एकच्या दवाखान्यावर पदवीधर डॉक्टर, श्रेणी दोनच्या दवाखान्यावर पदविकाधारक पर्यवेक्षक. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्येच पाच हजार गुरांमागे एक पशुवैद्य हे लक्ष्य देशापुढे ठेवले होते. कोरडवाहू तालुक्यांत मंजूर पदेही रिकामी राहतात, हे त्या गावांत कोणालाही विचारावे. ऊसपट्ट्यात निराळेच दृश्य दिसते. तेथे दवाखाने आहेत, दूधसंघांचे डॉक्टर आहेत, संकरित गाईला ताप आला तर दारात मोटारसायकल उभी राहते. त्याच गावाच्या शिवारात कोप्या घालून राहिलेल्या तोडणीवाल्याच्या बैलाला मात्र कोणी वाली नाही. दवाखाना उघडतो तेव्हा बैल फडात असतो, बैल सुटतो तेव्हा दवाखान्याला कुलूप असते. वंचित भाग म्हटले की डोंगरापलीकडचे पाडे डोळ्यांपुढे येतात, आणि तेही वंचित आहेतच. पण दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर राहूनही वंचित असता येते. सहकारी कारखान्याचा सभासद ऊस पिकविणारा. ऊस तोडणारा सभासद नाही, आणि ऊस ओढणारा बैल तर कोणाच्याच हजेरीपत्रकावर नाही.

शासनाला हे जमत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. बुळकांडीसारखा गोठेच्या गोठे रिकामे करणारा रोग या देशाने दशकानुदशके लस टोचून हटविला. २०११ मध्ये तो जगातूनच गेल्याचे जाहीर झाले. खेडोपाडी पायी आणि सायकलीवरून हिंडलेल्या लसटोचकांचे हे काम, पण त्यांच्या नावाने कोठे चौक नाही. २०२२ मध्ये लंपी त्वचारोग आला तेव्हा महाराष्ट्रात बहुतेक सर्व गाई-बैलांना मोफत लस टोचण्यात आली. मेलेल्या गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार आणि वासरामागे सोळा हजार रुपये भरपाई ठरली. म्हणजे मनात आणले तर यंत्रणा गोठ्यापर्यंत जाते. साथ आली की जाते, एवढेच. खांदेसूज ही साथ नाही. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही, दूधसंघाचे संकलन घटवीत नाही, वर्तमानपत्रात येत नाही. म्हणून तिच्यासाठी गाडी निघत नाही. आता १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केला की फिरते पशुवैद्यकीय पथक येईल अशी योजना आहे. योजना चांगली आहे. परंतु एक लाख पशुधनामागे एक वाहन हे तिचे प्रमाण लक्षात घेतले, तर रात्री कोपीत परतलेल्या माणसाने ते वाहन कधी गाठावे हा प्रश्न राहतोच.

शेळीची कथा याहून थोडकी आहे, पण त्याच जातीची. शेळी ही भूमिहीनांची, दलितांची, एकट्या बाईची संपत्ती. आंत्रविषार झालेली शेळी काही तासांत मरते, आणि त्यावरची लस पावसाळ्यापूर्वी टोचायची असते. दोन शेळ्या घेऊन पाच मैल दवाखान्यात जाणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती जात नाही. गावातल्याच स्त्रियांना प्राथमिक उपचाराचे शिक्षण देऊन ‘पशुसखी’ म्हणून उभे करण्याचे प्रयोग राज्यात झाले आहेत. डॉक्टरची जागा त्या घेऊ शकत नाहीत, कायद्यानेही नाही. पण लसीची तारीख कोणी तरी दारात येऊन सांगते, हा फरक लहान नाही.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. प्राण्यांवर दया करा, असे खेड्यातल्या मुलांना शिकविण्यासाठी शहरातून मंडळी जातात, चित्रे दाखवितात. त्यांचा हेतू चांगला असतो. परंतु मराठी मुलाला ही शिकवण नवी नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त ‘मोरी गाय’ हे प्रकरण आहे आणि ते पुस्तक १९३५ पासून घरोघर वाचले गेले आहे. तोडणीवाल्याचे दहा वर्षांचे पोर तर बैलांच्या पायांतच वाढते. आईबाप फडात असताना त्यांना वाढे टाकणे, पाणी दाखविणे हे त्याचेच काम. कोणता बैल आज रवंथ करीत नाही हे ते पोर डॉक्टरच्या आधी सांगू शकते. त्याला माया शिकवायला जाणे हा उद्धटपणा होईल. त्याच्याजवळ नाही ते ज्ञान. नुसत्या वाढ्यांवर बैल ठेवला तर वाढ्यांतील ऑक्झलेटमुळे शरीरातला चुना घटतो, आणि चुन्याची निवळी दिली तर हा तोटा कमी होतो. सणासाठी शिंगे तासू नयेत. शिंग एका बाजूला कलले, बैल डोके झटकू लागला, तर तो शिंगाचा कर्करोग असू शकतो आणि लवकर शस्त्रक्रिया झाली तर बैल वाचतो. वळू बडवताना दगडाने ठेचण्याची गरज नाही, चिमटा आणि भूल देणारे इंजेक्शन आहे. हे शिक्षण शाळेत मिळावे. पण हंगामात ते पोर शाळेतच नसते, हा या शिक्षणक्रमाचा पहिला धडा आहे आणि तो मुलाने नव्हे, शिक्षणखात्याने गिरवायचा आहे.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले आहे. गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांनी त्याला वर्गणी द्यायची, हे तत्त्वही मान्य झालेले आहे. त्या निधीत बैलाचा वाटा लिहिलेला असावा. तळावर संध्याकाळी सात ते दहा डॉक्टर बसावा. डॉक्टरने बैलाला आठ दिवस जुंपू नये असे लिहून दिले, तर त्या आठ दिवसांची मजुरी कारखान्याने कोयत्याच्या खात्यावर जमा करावी. बैलाची ही भरपगारी रजा ऐकून ज्यांना हसू येते त्यांनी पूर्वी कामगाराच्या रजेलाही असेच हसून घेतले आहे. वजनकाट्याच्या रांगेत बैल सोडून उभे करण्यासाठी सावली आणि पाण्याचा हौद असावा. आणि उचलीच्या कागदावर माणसांच्या नावांखाली बैलांची नोंद, त्यांच्या खांद्यांची व खुरांची तपासणी, तारखेसह असावी. हे करार पावसाळ्यात ठरू लागतात. त्या वेळी बैल बीड-जालन्याकडे आपल्या गोठ्यातच असतो, पोळाही तेव्हाच येतो, आणि गावच्या दवाखान्यातली रिकामी जागा भरायची ती त्याच्या आधी.