बाळाची मोटारीतील जागा

(मंडळाच्या वर्धापनदिनी एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



वर्धापनदिनाला पाककृती, भरतकाम, मुलांचे आजार अशा विषयांवर आजवर पुष्कळ बोलून झाले आहे. या खेपेला चिटणीसबाईंनी ‘लहान मोटारीत बाळाची सीट कशी बसवावी’ हा विषय सुचवला, तेव्हा कार्यकारिणीतल्या दोघीतिघी हसल्या. बाळाला सीट कशाला हवी, त्याला मांडीवर घ्यायचे असते, असे त्यांचे म्हणणे. हे म्हणणे त्यांच्या एकट्यांचे नाही. आपल्या घराघरांतून तेच म्हटले जाते, आणि ते मायेपोटी म्हटले जाते. म्हणून सीट कशी बसवायची हे सांगण्याआधी मांडीविषयी थोडे बोलणे भाग आहे.

मांडीवर बाळाला आपण हातांनी धरतो. मोटार नीट चालली आहे तोवर हात पुरतात. पण समजा, ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार समोरच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळली आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली. मोटार थांबते, पण आतले बाळ त्याच वेगाने पुढे जात राहते. त्या क्षणी त्याला अडवण्यासाठी त्याच्या वजनाच्या सुमारे चौदापट जोर लागतो. सहा महिन्यांचे बाळ सात किलोचे धरले, तर हा जोर जवळजवळ एक क्विंटल होतो. क्विंटलभर ज्वारीचे पोते कोणी उचलून आपल्या अंगावर फेकले, तर ते आपण दोन हातांनी थोपवू काय? मोंढ्यातला तयार हमालसुद्धा बाजूला होईल. दुसऱ्या तऱ्हेने सांगायचे, तर ५० च्या वेगाने आदळणे म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्यासारखे आहे. गच्चीच्या कठड्यावर बाळाला घेऊन आपण कोणीही बसणार नाही. गंगाखेडच्या रस्त्याला मात्र खुशाल बसतो.

कोणी म्हणेल, आई आणि बाळ दोघांना मिळून एकच पट्टा लावावा. हे तर त्याहून वाईट. पट्टा पुढे आणि आईचे सगळे वजन मागे, त्यात बाळ मधे सापडते. पट्टा आईचा आईला, आणि बाळाला बाळाचा. आईचा पट्टाही टाळता येत नाही, कारण बिनपट्ट्याची आई धक्क्याने शेजारच्या बाळावरच जाऊन पडते. मागे बसणाऱ्याला पट्टा नको हा आपल्याकडचा जुना समज. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. त्यात मागे बसलेले ते आणि त्यांच्या शेजारचे गृहस्थ दोघेही गेले, पुढचे दोघे जबर जखमी होऊनही वाचले. मागच्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, असे तपासात पुढे आले. मोटार चांगली भारी किमतीची होती.

कायद्याचे म्हणाल, तर २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने कलम १९४ ब घातले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठी केलेली सीट यांवाचून मोटारीतून नेले, तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. आपल्याकडे हा दंड कोणाला झाल्याचे फारसे ऐकू येत नाही, हे खरे. पण आपण काही पोलिसांच्या भीतीने बाळाला टोपडे घालत नाही.

आता दोन दारांच्या मोटारीकडे वळू. ही काही नवी गोष्ट नव्हे. १९६१ पासून मद्रासला तयार होऊ लागलेली स्टँडर्ड हेराल्ड सुरुवातीला दोन दारांचीच होती. मधल्या काळात चार दारांच्या गाड्यांची इतकी सवय झाली, की दोन दारे म्हणजे काही तरी अपुरे असे वाटू लागले. २०२३ साली एम.जी. कॉमेट ही विजेवर चालणारी गाडी आली. लांबीला तीन मीटरांहून दोन बोटे कमी, दारे दोन, माणसे चार. आपल्या जुन्या वस्तीतल्या बोळांना ती सोयीची आहे, आणि मंडळातल्या घरांतही ती दिसू लागली आहे. प्रश्न असा, की मागे जायला स्वतंत्र दार नसताना बाळाची सीट लावायची कोठे आणि कशी?

पुढच्या सीटवर लावावी, हे सोपे उत्तर सगळ्यांना सुचते. तेच घातक आहे. एप्रिल २०२१ पासून बाजारात आलेल्या नव्या मॉडेलच्या मोटारींना पुढे दोन्ही बाजूंना एअरबॅग सक्तीची आहे. ही पिशवी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फुगते आणि मोठ्या माणसाला वाचवते. पण तान्ह्या बाळाची सीट उलटी, म्हणजे बाळाचे तोंड मागे आणि पाठ पुढे अशी असते, आणि तिची पाठ त्या पिशवीच्या अगदी पुढ्यात येते. फुगणारी पिशवी त्या पाठीवर हातोड्यासारखी बसते. चालू एअरबॅगसमोर उलटी सीट कधीही लावू नये, एवढे एक वाक्य घरी जाऊन भिंतीवर लिहिले तरी चालेल.

सीट उलटी का, हेही सांगते. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असते, आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. तोंड पुढे करून बसवले, तर धक्क्याला धड पट्ट्यात अडकते आणि जड डोके तेवढे पुढे झेपावते. सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. उलटे बसवले, तर डोके, मान, पाठ सगळे एकदम सीटच्या पाठीत दबते आणि ताण वाटला जातो. ही कल्पना स्वीडनच्या बर्टिल आल्डमन या प्राध्यापकांची. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून बसतात हे त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिले, आणि १९६४ च्या सुमारास मुलांची तशी सीट करून पाहिली. अंतराळवीरांची बैठक पाळण्यातल्या बाळाला लाभली, याचे मला फार कौतुक वाटते. युरोपातल्या आर १२९ या नव्या नियमाप्रमाणे निदान पंधरा महिने बाळ उलटेच बसले पाहिजे. आपल्याकडे मुलांच्या सीटचे मानक ए.आय.एस. ०७२ असे आहे. सीटवर मानकाची चिठ्ठी नसेल, तर ती कितीही मऊ आणि गुलाबी असो, घेऊ नये. पैसे देण्यापूर्वी ती आपल्या मोटारीत बसवून पाहावी. लहान मोटारींतला मागचा पट्टा कधी कधी इतका आखूड असतो, की सीटला वळसा घालून तो खटक्यापर्यंत पोचतच नाही.

दोन दारांच्या मोटारीत माझ्या मते बाळाची जागा मागच्या बाकावर डावीकडे, आणि आईची तिच्या शेजारी, चालवणाऱ्याच्या मागे. मागे जायची वाट डाव्या दाराने, पुढची सीट दुमडून असते. तेव्हा क्रम चुकला की सगळे अडते. आधी आईने आत जाऊन पलीकडे सरकावे. मग बाळाची सीट बाहेरून आत द्यावी. अगदी तान्ह्या बाळासाठी कडीची, परडीसारखी सीट मिळते, ती इथे फार उपयोगी. बाळाला घरातच, उजेडात, स्वस्थपणे तिच्यात बांधता येते. परंतु परडी आणि बाळ मिळून दहाबारा किलोंचा ऐवज होतो, आणि तो वाकून, हात लांब करून आत ठेवायचा असतो. हे काम बाळंतिणीचे नव्हे. ते घरातल्या पुरुषाने करावे. पुढे मूल मोठे झाले आणि कायम गाडीतच राहणारी सीट घेतली, म्हणजे ती आयसोफिक्सची घ्यावी. बाकाच्या पाठीच्या फटीत मोटारीच्या सांगाड्याला पक्क्या केलेल्या दोन लोखंडी कड्या असतात, त्यांत सीटचे दोन जबडे खटकन बसतात आणि लाल खूण जाऊन हिरवी येते. कॉमेटला मागे या कड्या आहेत. जुन्या मोटारींना नसतात, तिथे पट्ट्यानेच भागवावे. पट्टा नीट लावला तर त्यात उणे काही नाही, मात्र चुका पट्ट्यातच जास्त होतात.

पट्टा कोठून कोठे न्यायचा याच्या खुणा सीटवर रंगाने केलेल्या असतात. उलट्या सीटला निळ्या, सुलट्या सीटला तांबड्या. पट्ट्याला पीळ राहू देऊ नये. एका हाताने सीट बाकात दाबावी आणि दुसऱ्याने पट्टा ओढून घ्यावा. मग जिथून पट्टा जातो तिथे सीट धरून हलवून पाहावी. इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून. सीटखाली गोधडी, उशी, घडी केलेला टॉवेल काही घालू नये, मग ते कितीही काळजीने घातलेले असो. कलणे बेताचे हवे. फार उभी झाली तर बाळाची हनुवटी छातीला लागते आणि श्वास कोंडतो. नेमके किती कलते करायचे त्याची खूण सीटवरच असते.

बाळाचे स्वतःचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत, आणि खांद्यावर चिमटीत पकडता येऊ नयेत इतके सरळ बसले पाहिजेत. इथे आपली दुपटी आडवी येतात. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून वरून पट्टे लावले, तर धक्क्याला दुपटे दबते, पट्टे सैल पडतात आणि बाळ निसटते. पातळ झबले घालावे, पट्टे लावावेत, आणि थंडी असेल तर मग वरून पांघरावे. उन्हाळ्यात उलट काळजी. आपल्याकडच्या मे महिन्यात उभ्या मोटारीतला धातूचा खटका चटका देण्याइतका तापतो. बाळाला ठेवण्यापूर्वी त्यावर आपले मनगट टेकून पाहावे. आणि बाळाला बंद मोटारीत एक मिनिटही एकटे सोडू नये, दुकान समोरच असले तरी.

दोन दारांच्या मोटारीत एक जोखीम जास्तीची आहे, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दुमडलेली पुढची सीट परत उभी करताना तिचा खटका पुरता लागला पाहिजे. न लागलेली सीट धक्क्याला मोकळी सुटते. ती हाताने मागेपुढे ढकलून पाहावी, मगच निघावे. ती बाळाच्या सीटवर रेलतही असू नये, म्हणून थोडी पुढे सरकवावी लागते, आणि मग तिच्यावर मोठ्या माणसाला पाय मुडपून बसावे लागते. म्हणजे बाळ आल्यावर चार माणसांची ही मोटार खऱ्या अर्थाने तिघांची होते. हे आधीच मान्य करावे. आजोबांनी एस.टी.ने यावे. थांबताना डावी बाजू रस्त्याच्या कडेला येईल असे थांबावे, कारण मागची बाई आपणहून उतरू शकत नाही, आणि बाळाला रहदारीच्या बाजूने काढणे बरे नव्हे.

‘पण ते रडेल’ ही शेवटची तक्रार आजीची असते. रडेल. पहिल्या दोनतीन खेपांना हमखास रडेल. ते रडत असताना चालत्या गाडीत पट्टा सोडून त्याला मांडीवर घेणे, इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. गाडी थांबवावी, घ्यावे, पाजावे, पुन्हा बांधावे. तान्ह्या बाळाला दीडदोन तासांपलीकडे सलग सीटमध्ये ठेवू नयेच, तेव्हा नांदेडला जाताना वसमतला थांबणे ओघानेच आले. प्रवासाआधी आठवडाभर घरात रोज थोडा वेळ सीटमध्ये बसवून सवय करावी, आणि हे काम आजीकडेच द्यावे.

ज्यांच्या घरी मोटार नाही, त्यांचे काय, असे कोणी विचारील. आपल्यातल्या बहुतेकींचा प्रवास मोटारसायकलवर आणि रिक्षात होतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, मुलाच्या डोक्याला हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला मोटारसायकलवर सुरक्षित नेण्याचे साधन नाही. तिथे एस.टी. किंवा रेल्वेच बरी.

आता मंडळापुढे एक सूचना ठेवते. परडीची सीट काही हजार रुपयांना पडते आणि वर्षसव्वावर्षात लहान होते. म्हणून लोक ती घेत नाहीत, किंवा कोणाची तरी जुनी आणतात. जुनीत भय असे, की ती एखाद्या अपघातातून आलेली असेल, तर वरून धड दिसते आणि आतून तडकलेली असते. शिवाय प्लॅस्टिकलाही आयुष्य असते, मुदत सीटच्या पाठीवर छापलेली असते. आपले मंडळ कार्यासाठी पातेली आणि सतरंज्या भाड्याने देतेच. तशा दोन सीटा नव्या घेऊन मंडळाने ठेवाव्यात, पहिलटकरीण माहेराहून निघताना त्या न्याव्यात, आणि बाळाला लहान झाल्या की परत कराव्यात. वहीत नाव, तारीख आणि ‘अपघात झाला काय’ असा एक रकाना असावा. त्या रकान्यात ‘होय’ आले, की ती सीट मोडून भंगारात द्यायची, दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी बाळंतविड्यात चांदीचा वाळा थोडा हलका करून सीट द्यावी.

चिटणीसबाईंची मोटार बाहेर कडुलिंबाखाली उभी आहे, आणि सीट मी आणली आहे. चहा झाल्यावर चारचार जणींनी यावे. प्रत्येकीने पट्टा स्वतः ओढून आणि पुढच्या सीटचा खटका स्वतः लावून पाहायचा आहे.